हीटर ‘डायरेक्ट’ करताना

पावसाळ्यात गाडीत पायाखाली ओलं लागलं तर कोणी मनावर घेत नाही. निथळत्या छत्र्या असतात, चिखलाचे बूट असतात, मागच्या सीटवर भिजलेले रेनकोट पडलेले असतात. त्यामुळे ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅट उचलल्यावर खालचा गालिचा चिंब दिसला, की आपण पावसालाच बोल लावतो. पण पाऊस उघडून चार दिवस झाले, ऊन पडलं, तरी गालिचा वाळत नाही. बोट लावलं तर किंचित बुळबुळीत लागतं. काचा बंद करून बसलं की पाकासारखा गोडसर, पण थोड्या वेळाने मळमळायला लावणारा वास येतो. समोरची काच आतून धुरकट होते आणि फडक्याने पुसली तर तेलकट फराटे उरतात. बोनेट उघडून पाहावं तर कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली असते, आणि गाडीखाली जमिनीवर मात्र एक थेंब नसतो.

पायाखालच्या ओलीचे तीन संशयित असतात. पहिला खरोखरच पाऊस. समोरच्या काचेखालच्या पन्हळीत पानं साचली, पाण्याची वाट तुंबली, की पाणी आत उतरतं. ते पाणी मातकट असतं. दुसरा एसी. एसीच्या थंड जाळीवर हवेतला दमटपणा पाणी होऊन गोळा होतो आणि एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतो. ती नळी तुंबली की तेच पाणी आत सांडतं. ते अगदी स्वच्छ असतं, त्याला गोडसर वास नसतो. तिसरा हीटर. पांढरा कागदी रुमाल गालिच्यावर दाबून धरला आणि त्यावर हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी छटा उतरली, तर संशयाला जागा उरत नाही. चव घेऊन खात्री करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि विषारी असतं. शरीरात गेल्यावर त्याची आम्लं बनतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्री-मांजरी गोडव्याला भुलून सांडलेलं कूलंट चाटतात आणि जिवाला मुकतात.

तर हीटर गळतोय हे ठरलं. गॅरेजमध्ये गेलं की मिस्त्री वाकून बघतो, हात पुसतो आणि सांगतो, “काका, कोअर गेलाय. बदलायचा तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दोन दिवस गाडी ठेवा. नाहीतर आपल्याकडे हीटर लागतो कोणाला? डायरेक्ट करून टाकतो, अर्ध्या तासात घेऊन जा.”

‘डायरेक्ट करणं’ हा गॅरेजच्या भाषेतला नेमका शब्द आहे. मधला एखादा भाग वगळून दोन टोकं थेट जोडणं म्हणजे डायरेक्ट. बिघडलेला स्विच डायरेक्ट होतो, रिले डायरेक्ट होतो, तसाच हीटरही. मिस्त्रीचा सल्ला चुकीचा नाही. सोलापूर किंवा जळगावच्या माणसाला हीटर वर्षातून किती दिवस लागतो? सगळा डॅशबोर्ड सोडवायचा, स्टिअरिंगजवळची आणि एअरबॅगची जोडणी काढायची, एसीचा डबा हलवायचा, तेव्हा कुठे पुस्तकाएवढ्या आकाराचा तो भाग हाती येतो. पार्टपेक्षा मजुरी जास्त, आणि परत बसवताना प्लास्टिकच्या दोन-चार खिट्ट्या तुटून डॅशबोर्ड जन्मभर कुरकुरण्याची धास्ती वेगळी. पण या सल्ल्यात एक समजूत गृहीत असते, की हीटर ही वर चिकटवलेली चैनीची वस्तू आहे आणि ती काढली तर बाकीच्या गाडीला पत्ताही लागत नाही. ही समजूत तपासूनच मग नळ्यांना हात लावायला हवा.

पेट्रोलच्या इंजिनात जे इंधन जळतं, त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहून कमी हिस्सा चाकं फिरवतो. जवळपास तेवढीच उष्णता धुरावाटे जाते आणि साधारण तेवढीच इंजिनाच्या धातूत उतरते. ती तिथून सतत काढून घेतली नाही, तर दट्ट्या आणि सिलिंडर एकमेकांना धरतात, म्हणजेच इंजिन ‘सीज’ होतं. हे काढून घेण्याचं काम कूलंट करतं. छोट्या मोटारीत ते जेमतेम चार ते सहा लिटर असतं आणि वॉटर पंप त्याला न थांबता फिरवत राहतो.

अगदी पहिल्या मोटारींमध्ये हे फिरवणं नव्हतंच. कार्ल बेंझच्या 1886 सालच्या तीनचाकीत सिलिंडरभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन निघून जाई आणि वरून नवं पाणी घालावं लागे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर गेली, ती वाटेत मिळेल तिथे पाणी भरत. पुढे 1900 मध्ये विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. सहा-सहा मिलिमीटरच्या 8,070 चौकोनी नळ्या एकत्र झाळून ती जाळी तयार झाली होती. नळ्यांतून हवा जायची, नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. तेच पाणी पुन्हापुन्हा वापरायचं, हे तिथून पक्कं झालं. हीटर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. आधी धुराच्या नळीची ऊब आत घेण्याचे प्रयोग झाले. त्या नळीला भोक पडलं तर विषारी वायू आत येई. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की इंजिनाचं गरम पाणी फिरतंच आहे, त्यातलं थोडं आत आणावं. बाहेरची ताजी हवा गरम पाण्याच्या जाळीवरून गाडीत घेण्याची व्यवस्था अमेरिकेतल्या नॅश कंपनीने 1938 मध्ये आणली, आणि आजच्या हीटरचा आराखडा मुळात तोच आहे.

हीटर कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. पुढचा मोठा रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो, हा आत देतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन रबरी होज आत गेलेले दिसतात. एकातून गरम कूलंट जातं, दुसऱ्यातून परत येतं. ब्लोअर पूर्ण सोडला तर हा पुस्तकाएवढा तुकडा चार-पाच किलोवॉट उष्णता सहज देतो, म्हणजे बाथरूममधल्या दोन गीझरांइतकी.

आता खरा प्रश्न. सकाळी गाडी सुरू केली तेव्हा कूलंट कुठून कुठे जातं? रेडिएटरकडे जात नाही. इंजिन थंड असताना ते लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. कूलंट साधारण 82 ते 88 अंशांवर पोचलं की मेण वितळून फुगतं, स्प्रिंगला ढकलतं आणि झडप उघडते. तोवर पंप तर चालूच असतो. मग ते पाणी फिरतं कुठे? त्यासाठी एक आखूड वाट ठेवलेली असते, इंजिनातून निघून परत पंपाकडे. काही इंजिनांत ती वाट ब्लॉकच्या आतच ओतलेली असते, काहींत एक वेगळा छोटा होज असतो. आणि काही इंजिनांत ही आखूड वाट म्हणजेच हीटरची वाट असते. ज्याला आपण वर चिकटवलेली चैन समजत होतो, ती थंड इंजिनातल्या पाण्याच्या फिरण्याची एकमेव किंवा मुख्य वाट निघते.

म्हणून ‘डायरेक्ट करणं’ आणि ‘बूच मारणं’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. डायरेक्ट करताना हीटरकडे जाणारा आणि परत येणारा असे दोन्ही होज एकमेकांना जोडले जातात. कोअर वगळला गेला तरी पाणी फिरत राहतं. बूच मारताना दोन्ही नळ्यांची तोंडं बंद केली जातात आणि ती वाटच मोडते. ज्या इंजिनाला दुसरी आखूड वाट आहे, त्याला बूच चालून जातं. ज्याला नाही, तिथे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी जागच्या जागी तापत राहतं. सिलिंडर हेडमध्ये एखाद्या कोपऱ्यात ते उकळतं, वाफेचा बुडबुडा धरतो, आणि थर्मोस्टॅट दुसऱ्या टोकाला गार पाण्यात बसलेला असल्यामुळे त्याला याचा पत्ताच नसतो. मग तो उशिरा आणि एकदम उघडतो, गार पाण्याचा लोंढा तापलेल्या धातूवर येतो. काटा वर-खाली नाचतो. अॅल्युमिनियमच्या हेडला हे फार दिवस सोसत नाही. हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि हीटर वाचवताना वाचलेल्या पैशांच्या कैकपट पैसे जातात. गाडीबद्दल पक्की माहिती नसेल तर बूच मारू नये, जोडून द्यावं. या सगळ्या प्रकरणात एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं काम झालं.

जोडून दिल्यावर सगळं मिटतं असंही नाही. हीटर कोअरच्या बारीक नळ्यांतून जाताना कूलंटला अडथळा होतो. त्याच्या जागी मोकळा होज आला की अडथळा नाहीसा होतो आणि त्या वाटेने पूर्वीपेक्षा जास्त पाणी पळू लागतं. हे पाणी रेडिएटरला न भेटताच परत पंपाकडे येतं. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. भरलेली गाडी, मे महिना, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर लांब चढ असं एकत्र आलं की गार न होता परतणारा हा हिस्सा भारी पडू शकतो. काही कंपन्या यासाठीच हीटरच्या होजमध्ये मुळातच आकुंचित भोकाची एक कडी बसवून देतात. जुना होज काढताना अशी कडी आढळली तर ती फेकू नये, नव्या जोडणीत ती ठेवावी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आवर्जून पाहायला हवी, ती म्हणजे सीएनजी. टाकीत गॅस 200 बार दाबाने भरलेला असतो आणि रेड्युसर त्याचा दाब उतरवून इंजिनाला देतो. दाब इतका झपकन उतरला की गॅस कमालीचा गार पडतो आणि रेड्युसर गोठू शकतो. म्हणून रेड्युसरच्या पोटातून गरम कूलंट फिरवतात, आणि बाहेरून किट बसवताना ते बहुतेक वेळा हीटरच्याच होजवर टी जोडून घेतलेलं असतं. अशा गाडीत हीटरची वाट बंद केली, तर थोड्या अंतरानंतर रेड्युसरवर हिम चढतं, गाडी झटके देते, बंद पडते, आणि सगळे इंजेक्टर, प्लग, वायरिंग तपासत बसतात. मूळ कारण आठ दिवसांपूर्वी हीटरवर मारलेलं बूच असतं. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडी, टर्बो किंवा ऑइल कूलरही याच फाट्यावर असतात. म्हणून कापण्याआधी होज हाताने चाचपत शेवटपर्यंत जावं. कुठे फाटा फुटतो, तो कुठे जातो, हे डोळ्यांनी पाहावं. मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवावेत.

जुन्या काही गाड्यांमध्ये तर होज काढायचीही गरज नसते. तिथे हीटरच्या वाटेवर एक कॉक असतो, डॅशबोर्डवरची दांडी थंडकडे सरकवली की तो बंद होतो आणि कोअरकडे जाणारं पाणी थांबतं. अनेक नव्या गाड्यांत असा कॉक नसतो. त्यांच्यात कोअरमधून गरम कूलंट बारा महिने चोवीस तास फिरत असतं आणि गार-गरम ठरतं ते केवळ हवेच्या वाटेतल्या एका पडद्यामुळे. तिथे नॉब पूर्ण निळ्याकडे फिरवला तरी गळती थांबत नाही.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, पण घाईचं नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं किती धोक्याचं आहे हे सगळे ऐकून असतात, पण कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या झाकणामुळे आत सुमारे 1 बार जादा दाब राहतो आणि त्या दाबाखाली कूलंट 120 अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि तेच कूलंट तिथल्या तिथे वाफ होऊन तोंडावर उसळतं.

थंड गाडीत कूलंट एका स्वच्छ कॅनमध्ये उतरवून घ्यावं. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ते सोडू नये. वर सांगितलेलं विष तेच. मग पत्र्याच्या भिंतीजवळचे क्लँप सैल करून होज काढायचे. इथे नवखे लोक होज जोराने ओढतात आणि आतला कोअरचा पातळ निप्पल वाकवतात किंवा तोडतात. पुढेमागे तो कोअर बदलायचाच असला तरी आज त्यातलं उरलेलं पाणी पायांवर सांडतं. होज आधी गोल पिळून मोकळा करावा, मगच ओढावा. वर्षानुवर्षं चिकटून बसला असेल तर ब्लेडने लांबीत चीर देऊन सोलून काढावा. होज नवा घेता येतो. कोअर मोकळा झाल्यावर त्यात फुंकर मारल्यासारखी हलक्या दाबाची हवा सोडून राहिलेलं कूलंट बाहेर काढावं, नाहीतर गोड वास महिनोन्‌महिने गाडीत रेंगाळतो.

जोडायला यू आकाराचा घडीव होज मिळतो, तो सगळ्यांत चांगला. सरळ होज वाकवून यू केला तर वळणावर तो मोडतो, आतली वाट चपटी होते, आणि डायरेक्ट करण्याच्या नावाखाली नकळत बूचच मारलं जातं. दोन्ही होजचा आतला व्यास वेगळा असू शकतो. पुष्कळ अमेरिकी गाड्यांत एक 16 मिलिमीटरचा आणि एक 19 चा असतो. तिथे दोन मापांचा जोड लागतो. होज कूलंटसाठी बनवलेला, दोरा विणून मजबूत केलेला रबरी होजच हवा. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी लावलेली मी पाहिली आहे. गरम झाल्यावर ती मऊ पडते, फुगते, आणि एक दिवस घाटात सुटते. नवा वळसा एक्झॉस्टला टेकणार नाही, पट्ट्याला घासणार नाही, आणि खड्ड्यांत हेलकावे घेणार नाही, अशा बेताने क्लिपने बांधून ठेवावा. क्लँप आवळताना रबर कापलं जाईल इतका जोर लावू नये.

यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी उरकलं जातं, आणि नंतरच्या तक्रारी तिथूनच उगवतात. ते म्हणजे हवा काढणं. होज सुटले तेव्हा आत हवा शिरली. ती उंच जागी अडकून बसते आणि तिथे पाणी पोचू देत नाही. कूलंट हळूहळू भरावं, इंजिनावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरावा. सीएनजी रेड्युसर असेल तर त्याच्याही होजमध्ये हवा धरलेली असते. गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबावं. रेडिएटरचा वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. नवा वळसाही दोन्ही बाजूंनी गरम लागला पाहिजे. एक बाजू गरम आणि दुसरी गार म्हणजे पाणी फिरत नाही. मग गाडी थंड होऊ द्यावी, पातळी पाहावी, लागेल तेवढं भरावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावं.

आता गमावलं काय? घाटात गाडी तापायला लागली की जुने ड्रायव्हर एसी बंद करून, काचा खाली करून हीटर पूर्ण सोडायला सांगतात. बोरघाटात किंवा कसाऱ्याला बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगा पाहिलेल्या माणसांचं हे शहाणपण आहे, आणि ते शास्त्राला धरून आहे. हीटर हा दुसरा रेडिएटर आहे; त्याने काढलेले चार-पाच किलोवॉट कधीकधी घाटमाथा गाठायला पुरतात. डायरेक्ट केलेल्या गाडीत हा आधार गेला. हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर ऐन वेळी कोणीतरी हीटर लावून निर्धास्त चढत राहील.

दुसरं नुकसान पावसाळ्यातलं. काचेवर आतून धरणारं धुकं घालवायचा सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे एसी आणि हीटर एकत्र लावणं. एसी हवेतला दमटपणा काढून घेतो, हीटर तीच कोरडी हवा ऊबदार करतो आणि काच झरझर स्वच्छ होते. हीटर नसेल तर नुसत्या एसीनेही आतलं धुकं जातं, पण काच गार पडते, आणि आंबेनळी किंवा आंबोलीच्या दमट हवेत ती मग बाहेरून धुरकटते. वायपर फिरवून ते निघतं, पण अंधारात, समोरून ट्रक येत असताना, ते दोन-तीन सेकंद फार मोठे वाटतात. एसी काचेवर न सोडता पायांकडे वळवावा, तापमान फार खाली नेऊ नये, काच अगदी बोटभर उघडी ठेवावी. यावर भागतं.

थंड प्रदेशात मात्र भागत नाही. दरवर्षी पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन लेहला जाणारे कितीतरी जण असतात. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला ते साधारण 95 ला उकळतं. म्हणजे झाकणाचा दाब जरा कमी धरत असला तर इथे जे निभावलं ते तिथे निभावत नाही. आणि रात्री पारा शून्याखाली गेला की गोठण्याचा प्रश्न येतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि लोखंडी ब्लॉकलाही तडा देऊ शकतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलिन ग्लायकॉल असलेलं मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. अशा प्रवासाला डायरेक्ट केलेली गाडी नेऊच नये. काचेवर हिम धरलं तर ते वितळवणार कशाने? न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या आपल्या माणसांनाही हेच. अमेरिकेत तर नव्या गाडीला काच स्वच्छ ठेवण्याची यंत्रणा असावी असा वाहन सुरक्षेचा स्वतंत्र नियमच आहे. तिथला हिवाळा पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागत नाही.

आणि कोअर मुळात गेला का, हे विचारल्याशिवाय काम संपवू नये. पूर्वीचे कोअर तांब्या-पितळेचे असत, भोक पडलं तर रेडिएटरवाला झाळून देई. आताचे पातळ अॅल्युमिनियमचे, त्यांना झाळ नीट धरत नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि ती कालांतराने संपतात. पातळी कमी झाली की आपण नळाचं, नाहीतर बोअरचं पाणी ओततो. जड पाण्यातले क्षार आतून थर धरतात, क्लोराइड अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. वेगवेगळ्या जातींची कूलंटं मिसळली तर कधीकधी त्यांचा चिकट गोळा होतो. शिवाय गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय आपल्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ट्रक पुढच्या गावापर्यंत नेण्यापुरता तो खरा आहे. पण हळदीला गळती आणि कोअरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही बुजवते. ज्या पाण्याने हीटर कोअर खाल्ला, तेच पाणी रेडिएटरमध्ये आणि वॉटर पंपात आहे. कोअर सगळ्यांत पातळ म्हणून तो आधी बोलला, इतकंच. होज जोडताना सगळं कूलंट बदलून, डिस्टिल्ड पाण्याने आतून धुऊन, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचंच कूलंट भरलं, तर बाकीचे भाग वाचतात.

डायरेक्ट केलेला हीटर पुन्हा सुरू करण्याची एक स्वस्त संधी बहुतेक गाड्यांच्या आयुष्यात येते. एसीची आतली जाळी, म्हणजे कूलिंग कॉइल, कधी ना कधी गळते आणि पुष्कळ गाड्यांत तिच्यासाठीही डॅशबोर्ड उतरवावाच लागतो. तेव्हा कोअर त्याच डब्यात, वीतभर अंतरावर असतो. मजुरी एकदाच जाते. पण तोवर तीन-चार वर्षं उलटलेली असतात, मिस्त्री बदललेला असतो, कदाचित मालकही. म्हणून काम झाल्यावर एक जाड कागद घ्यावा. त्यावर तारीख, किलोमीटर, भरलेल्या कूलंटची जात आणि ‘हीटर डायरेक्ट केला आहे, कोअर गळतो, होज परत लावू नये’ एवढं लिहावं, आणि तो प्लास्टिकच्या चिकटपट्टीने बोनेटच्या आतल्या बाजूला, यू होजच्या बरोबर वर, चिकटवून ठेवावा.